तीन हंगामांचा हिशेब: नाशिकच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूसाठी मार्गदर्शक

महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूची कारकीर्द किती वर्षांची असते, असे विचारले तर बहुतेक जण "तीन-चार वर्षे" असे उत्तर देतात. प्रत्यक्षात ती वर्षांत मोजायची नसते. तीन वर्षांची पदवी म्हणजे तीन हंगाम आणि विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होत असल्यामुळे पहिल्याच सामन्यात हरलेल्या महाविद्यालयाचा हंगाम चाळीस मिनिटांत संपतो. तीनही वर्षे असेच घडले, तर संपूर्ण कारकीर्द घड्याळी दोन तासांची भरते, आणि प्रथम वर्षाचा खेळाडू बव्हंशी बाकावरच बसतो हे लक्षात घेता ती त्याहूनही आखूड होते. हा हिशेब मांडण्यामागे कोणाला नाउमेद करण्याचा हेतू नाही. वेळ इतका थोडा आहे, म्हणून प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर असतानाच तयार करावी लागते, एवढेच त्यातून सांगायचे आहे. पुढील मजकूर नाशिक शहर आणि जिल्ह्यातील, बारावीनंतर खेळ चालू ठेवू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी आहे.

पायरी पहिली: आधी विद्यापीठ पाहावे, मग महाविद्यालय

प्रवेश घेताना आपण महाविद्यालय निवडतो, पण खेळाडू म्हणून पुढे जी शिडी चढायची असते ती विद्यापीठाची असते. नाशिकमध्ये ही गोष्ट इतर गावांपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. के.टी.एच.एम., एच.पी.टी.-आर.वाय.के., बी.वाय.के. किंवा के. के. वाघ अभियांत्रिकी येथील विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली खेळतात. वैद्यकीय, दंत किंवा आयुर्वेद शाखेचा विद्यार्थी त्याच शहरात राहत असला, तरी त्याचे विद्यापीठ म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ होय, आणि त्याची निवड चाचणी, त्याचा संघ व त्याचे प्रतिस्पर्धी सर्वस्वी वेगळे असतात. संदीप विद्यापीठासारख्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला, तर विद्यापीठाचा संघ तेथल्या तेथेच निवडला जातो. तंत्रनिकेतनातील पदविकेच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आणखी निराळ्या असून त्या विद्यापीठ स्तरापर्यंत पोहोचतच नाहीत.

यांपैकी कोणती वाट सोपी, हे ज्याने त्याने आपल्या खेळाच्या मापाने ठरवावे. पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार विभाग आहेत, आणि पुणे शहरातील स्पर्धा फार तीव्र असते. त्या विद्यापीठाच्या बारा जणांत येणे कठीण. पण आलात तर संघ बलवान असतो आणि पुढे पदकाची शक्यता राहते. लहान विद्यापीठात संघात स्थान लवकर मिळते, मात्र तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद होण्याची शक्यता जास्त. माझे मत असे आहे की सध्या जिल्हा स्तरावर पहिल्या पाचांत खेळणाऱ्याने मोठ्या विद्यापीठाची वाट धरावी, आणि उशिरा खेळायला लागलेल्याने जेथे मैदानात उतरायला मिळेल ते ठिकाण पत्करावे. बाकावर बसून कोणी खेळ शिकत नाही.

महाविद्यालय पक्के करण्यापूर्वी माहितीपत्रक बाजूला ठेवून सकाळी साडेसहाला त्या मैदानावर जावे. रिंगला जाळी आहे का, फळी हलते का, पाऊस पडल्यावर पाणी कोठे साचते, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी तेथे कोणी खेळत आहे का, हे पाहावे. जिमखान्याची खरी परिस्थिती जून महिन्यातील एका सकाळी कळते. शारीरिक शिक्षण संचालकांना दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी संघ किती सामने खेळला, आणि सराव कोण घेते? "मुले आपापली खेळतात" असे उत्तर आले, तर बाहेरच्या क्लबचा किंवा पंचवटीतील विभागीय क्रीडा संकुलासारख्या ठिकाणचा सराव गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

पायरी दुसरी: पात्रतेचे कागद

खेळाडूंना कंटाळवाणी वाटणारी, पण सर्वाधिक नुकसान करणारी पायरी हीच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ (एआययू) या संस्थेच्या नियमांनुसार होतात. खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो आणि वयाची मर्यादा साधारणतः १७ ते २५ वर्षे अशी असते. बहिःस्थ किंवा मुक्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन नोकरी आणि खेळ दोन्ही सांभाळू, असा बेत असेल, तर पात्रतेचा नियम प्रवेशापूर्वीच वाचावा. बारावीनंतर वर्ष वाया गेले असेल किंवा शाखा बदलली असेल, तर त्याचा पुरावा मागितला जातो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा दाखला, चालू वर्षाची शुल्क पावती, ओळखपत्र आणि छायाचित्रे यांची एक फाइल पहिल्याच आठवड्यात तयार करून ठेवावी. नावातील एका अक्षराचा फरक किरकोळ वाटतो. तो किरकोळ नसतो. आमच्या संघातील एकाचे नाव गुणपत्रिकेवर एक आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दुसरे असे छापले गेले. खेळताना कोणाचेच लक्ष गेले नाही. चार वर्षांनी नोकरीच्या अर्जाच्या वेळी गेले, आणि तोपर्यंत त्या स्पर्धेचे आयोजन करणारी मंडळी बदललेली होती. तेव्हापासून प्रमाणपत्र हातात पडले की जागच्या जागी वाचावे, नाव, वर्ष, स्पर्धेचा स्तर आणि मिळालेला क्रमांक तपासावा, आणि चूक असेल तर मैदान सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, असे मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगत आलो आहे.

पायरी तिसरी: पावसाळ्यातील चार महिने

आंतरमहाविद्यालयीन सामने साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आगेमागे होतात, म्हणजे तयारीचा काळ नेमका नाशिकच्या पावसात येतो. बरीच मैदाने उघडी आणि सिमेंटची असून जुलैमध्ये त्यांवर शेवाळ धरते. ओल्या सिमेंटवर धावून घोटा मुरगळण्यात शौर्य नाही. या काळाची विभागणी वेगळी करावी. पाऊस असेल त्या दिवशी वाहनतळात किंवा व्हरांड्यात चेंडू हाताळण्याचा सराव करावा: डाव्या हाताने ड्रिबलिंग, मान वर ठेवून, भिंतीवर छातीच्या उंचीने आणि डोक्यावरून पास. आठवड्यातून दोन दिवस व्यायामशाळेत बैठका, लंजेस, पोटऱ्यांचे व्यायाम आणि उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे आत न झुकवता, हलके उतरण्याचा सराव करावा. उघडीप मिळाली की मैदान कोरडे करून रिंगवरच्या नेमबाजीकडे वळावे.

नेमबाजीबाबत एक वही ठेवावी. रोज शंभर फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे विनाअडथळा नेम) मारणारे खेळाडू पुष्कळ भेटतात, किती गेले ते लिहिणारे फार थोडे. शिवाय सलग शंभर मारण्यात फारसा अर्थ नाही, कारण सामन्यात कोणीही सलग शंभर फ्री थ्रो मारत नाही. धाप लागलेली असताना दोन मिळतात. म्हणून दहा वेळा मैदानाची लांबी धावावी, दोन फ्री थ्रो मारावेत, पुन्हा धावावे. ४.६० मीटरवरचा तोच नेम दमल्यावर किती ढळतो, हे वही सांगते. तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे. ज्याचा मधल्या अंतरावरचा नेम अजून बसलेला नाही, त्याने मोबाइलवर परदेशी खेळाडूंचे दूरचे नेम पाहून तेथून सुरुवात करू नये. चेंडू पोहोचवण्यासाठी खांदा फिरतो, आणि एकदा बिघडलेली ढब सुधारायला अख्खा हंगाम जातो.

आहाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि केळी यांवर उत्तम खेळाडू घडतो. डबाबंद पावडरीची घाई नको. रविवारच्या सरावानंतर संघाने मिसळ खाणे हा नाशिकचा अलिखित नियम आहे आणि तो मोडावा असे मला वाटत नाही, फक्त ती सरावानंतर खावी, आधी नव्हे.

पायरी चौथी: सामना आणि निवड चाचणी

नियम पाठ असणे हे कौशल्यच आहे. आक्रमक संघाला नेम साधण्यासाठी २४ सेकंद असतात. नेम रिंगला लागून चेंडू पुन्हा त्याच संघाकडे आला, तर घड्याळ २४ वर नव्हे, १४ वर येते. मागच्या अर्ध्या मैदानातून चेंडू ८ सेकंदांत पुढे न्यावा लागतो. एका चतुर्थांशात संघाचे चार फाऊल झाल्यानंतर पुढच्या फाऊलपासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि वैयक्तिक पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो. जिल्ह्यातील सामन्यांत घड्याळ नेहमी मोठ्या फलकावर दिसतेच असे नाही, त्यामुळे मनातल्या मनात मोजण्याची सवय लागते. पॉइंट गार्डने (चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्याने) संघाच्या फाऊलची संख्या दर दोन मिनिटांनी गुणलेखकाच्या टेबलाकडे पाहून जाणून घ्यावी. अटीतटीचे कितीतरी सामने चौथ्या चतुर्थांशातील सहाव्या, सातव्या फाऊलवर फिरतात.

महाविद्यालयीन संघ बहुधा दोन-तीनचा झोन डिफेन्स (पुढे दोन, मागे तीन असा आपापली जागा राखणारा बचाव) लावतात. सराव कमी असला तरी तो उभा राहतो आणि दमलेले पाय झाकतो, हे त्याचे कारण. परंतु निवड चाचणीत निवड समिती खेळाडूंना मॅन टू मॅन, म्हणजे एकास एक बचावाने, खेळवते, आणि मग वर्षभर झोनमध्ये उभे राहिलेल्याचे पाय उघडे पडतात. म्हणून महाविद्यालयाचा संघ कोणताही बचाव खेळत असो, आठवड्यातून एक दिवस तरी एकास एक, पूर्ण मैदानभर बचावाचा सराव करावा.

निवड चाचणीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण वर मांडलेल्या दोन तासांच्या हिशेबातून बाहेर पडण्याचे दार हेच आहे. महाविद्यालय लवकर हरले तरी नाशिक विभागाच्या संघासाठी खेळाडूचा स्वतंत्र विचार होऊ शकतो. चाचणीत अनोळखी दहा जणांना दहा-पंधरा मिनिटे खेळवतात. दहापैकी आठ जण आपल्या हाती आलेला प्रत्येक चेंडू रिंगकडे फेकतात, कारण गुण मोजले जातात असा त्यांचा समज असतो. बाजूला बसलेले प्रशिक्षक मात्र बहुधा दुसरेच पाहत असतात: चेंडू गमावल्यावर कोण परत धावले, रिबाउंडसाठी (नेम चुकून परतलेल्या चेंडूसाठी) कोणी आधी अंग लावून जागा अडवली, बचावात कोण तोंडाने बोलत होते, डाव्या हाताने ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला नेम) कोणाला येतो आणि बाहेर काढल्यावर कोण कसे बसले. पहिल्या तीन मिनिटांत एक चांगला पास, एक रिबाउंड आणि एक वेळेवरची स्क्रीन (सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे) दिली, तर नाव विचारले जाते. उंची हवीच, पण उंची नसलेल्याने निराश होऊ नये. चेंडू सुरक्षितपणे पुढे आणणारा गार्ड प्रत्येक संघाला हवा असतो आणि असे गार्ड उंच मुलांपेक्षाही दुर्मीळ झाले आहेत.

मुलींच्या बाबतीत गणित थोडे वेगळे आहे. महिला संघांची संख्या अनेकदा कमी असल्याने विद्यापीठ स्तर तुलनेने लवकर गाठता येतो, पण महाविद्यालयात पाच जणी जमवणे हीच पहिली लढाई ठरते. हँडबॉल किंवा खो-खो खेळलेल्या मैत्रिणींना बास्केटबॉलकडे वळवणे, हा त्यावरचा अनुभवसिद्ध उपाय आहे. खो-खो खेळणारीचे पाय बचावात कामाला येतात. पालकांना बाहेरगावच्या स्पर्धेची काळजी असते, ती रास्तच आहे. सोबत कोण महिला व्यवस्थापक आहे, मुक्काम कोठे आहे, परतीचे तिकीट कोणाकडे आहे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची आहे, हे अशा वेळी घरच्यांना सांगायला हरकत नसावी.

पायरी पाचवी: नाशिकच्या पुढे

विभागाच्या संघात निवड झाली की आंतरविभागीय स्पर्धा, तेथून विद्यापीठाचे सराव शिबिर आणि बारा जणांचा संघ, असा क्रम असतो. त्यानंतर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आदी राज्यांतील विद्यापीठे भेटतात आणि तेथील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव वेगळा, आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा ही त्याहून वरची पायरी. यांतील बरेच सामने हिवाळ्यात, म्हणजे सत्र परीक्षांच्या आसपास येतात. स्पर्धेचे पत्र मिळताच त्याची प्रत विभागप्रमुख आणि परीक्षा विभागाला द्यावी, हजेरीतील सवलत आणि अंतर्गत मूल्यमापनाची पर्यायी तारीख लेखी मागावी. तोंडी "बघू" वर विसंबून पुण्याची बस पकडू नये. दोनशे किलोमीटरवरून परत येऊन विषय राहिल्याचे कळणे हा अनुभव टाळता येतो. विषय राहिल्याने पुढच्या वर्षाचा प्रवेश अडला, तर पात्रताही अडते आणि हातातला एक हंगाम जातो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाचा ऑनर्स पर्याय उपलब्ध झाला आहे. अभ्यासक्रम मनाजोगता असेल तर त्याचा अर्थ एक जादा हंगाम असाही होतो.

पायरी सहावी: घोटा आणि गुडघा

मुरगळलेला घोटा ही या खेळातील सर्वांत नेहमीची दुखापत. पहिले दोन दिवस भार कमी, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दाबपट्टी आणि पाय उंच. चार पावले टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यास तीव्र वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी. चोळणे आणि गरम शेक लगेच करू नये, कितीही वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तरी. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असे नसते. एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट स्थिर उभे राहता येईपर्यंत सामना खेळू नये. उडीवरून उतरताना गुडघ्यात "टक्" असा आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला, तर अस्थिबंध तुटल्याची शंका धरून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. गुडघ्यातील पुढच्या क्रूशीय अस्थिबंधाच्या (एसीएल) शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि ही दुखापत मुलींमध्ये अधिक आढळते. संघातील स्थान जाईल म्हणून दुखणे लपवणारा खेळाडू बहुतेक वेळा तो हंगाम आणि पुढचाही गमावतो.

पायरी सातवी: पदवीनंतरचे मार्ग

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची तुलना येथे वारंवार केली जाते, म्हणून तिचा फरक समजून घ्यावा. तेथे पहिल्या श्रेणीतच साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून कमाईची मुभा आहे, जरी विद्यार्थी व्हिसावरील परदेशी खेळाडूंवर त्याबाबत मर्यादा असल्या तरी. इतके असूनही एनबीए या तेथील व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्यांत मिळून सुमारे साठच नावे पुकारली जातात. २०१५ मध्ये डलास मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडलेला सतनाम सिंग हा त्या यादीतील पहिला भारतीय. तेथे जायचे असेल, तर तयारी पदवीच्या नव्हे, आठवी-नववीच्या वर्षापासून हवी, कारण शालेय विषय आणि गुण यांची पात्रता तपासली जाते. नाशिकच्या द्वितीय वर्षातल्या खेळाडूने त्या स्वप्नावर हंगाम उधळू नये. भारतात २०२२ पासून इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग भरू लागली आहे. तिच्याकडे लक्ष ठेवावे, पण घर तिच्या भरवशावर उभे करू नये.

आपल्याकडे बास्केटबॉलपटूंना पोसले ते नोकरी देणाऱ्या संस्थांनी: रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका, तेल कंपन्या, आयकर विभाग. मुंबईतील नागपाड्याच्या छोट्या मैदानावर घडलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर यांच्या काळापासून हीच रीत आहे. येथे प्रमाणपत्राचा स्तर सर्वस्व ठरतो. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र धरला जातो, मात्र पदकविजेत्यांना आधी प्राधान्य मिळते. महाराष्ट्र शासनाच्या सेवांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असून १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष नव्याने मांडले. त्यात नुसत्या सहभागापेक्षा मिळवलेला क्रमांक महत्त्वाचा असतो, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. हे काम जाहिरात निघाल्यावर सुरू करणाऱ्याची तारीख निघून जाते. त्यासाठी स्पर्धेतील मूळ नोंदी मागितल्या जाऊ शकतात, म्हणून पदक मिळताच अर्जाची पूर्वतयारी करावी.

संघात निवड झाली नाही, तरी मैदानाशी संबंध ठेवणाऱ्या वाटा आहेत आणि त्यांची सुरुवात द्वितीय वर्षातच करता येते. जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत गुणलेखन करणे ही पंच होण्याची पहिली शाळा आहे. टेबलावर बसून जितका नियम कळतो तितका पुस्तकातून कळत नाही. प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविका किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. शाळेत शिकवायचे तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी), आणि महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे तर एम.पी.एड.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत या पदासाठी आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेतील प्रतिनिधित्वाची नोंद मागितली आहे, शिवाय बारा मिनिटांची धावण्याची चाचणी आहे. तिशीपर्यंतच्या पुरुषांना त्यात १८०० मीटर, महिलांना १००० मीटर अंतर कापावे लागते. म्हणजे पहिल्या फेरीत हरलेल्या सामन्याचे प्रमाणपत्रसुद्धा दहा वर्षांनी कामाला येऊ शकते.

शेवटच्या वर्षाच्या मार्चमध्ये जिमखान्यात जर्सी आणि ट्रॅकसूट परत करून थकबाकी नसल्याची सही घ्यावी लागते. ती घेण्यापूर्वी तिन्ही वर्षांची निवडपत्रे, संघाच्या याद्या आणि हाती लागतील तितक्या सामन्यांच्या गुणपत्रकांच्या सत्यप्रती कार्यालयाच्या शिक्क्यासह मागून घ्याव्यात. एकदा का महाविद्यालय सुटले, की त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच दोन-तीन खेपा जातात.